जखमेआधी मलम

नोएलीन कर्स्लेकचा उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच काळा आहे. बत्तीस वर्षं रोड ट्रेन चालवली की असंच होतं. एक हात खिडकीतल्या उन्हाचा, दुसरा गिअरचा. पोर्ट ऑगस्टाहून उत्तरेला कूबर पीडीपर्यंत डिझेल पोचवायचं, मागे तीन टाक्या जोडलेल्या, सगळं मिळून लांबी पन्नास मीटरच्या वर. एवढं धूड थांबवायचं तर ब्रेक अर्धा किलोमीटर आधी लावावा लागतो. म्हणजे कांगारू रस्त्यावर यायच्या आधीच त्याच्या मनात काय आहे ते ड्रायव्हरला कळलेलं असावं लागतं. कांगारू, एमू आणि सुट्टीवर निघालेले मेलबर्नचे लोक, ह्यांत सगळ्यात बेभरवशाचं कोण, असं विचारलं तर नोएलीन "मेलबर्न" म्हणते, आणि हसतसुद्धा नाही.

मी क्लाइव्ह. माझं टायरचं दुकान आहे. तिच्या गाडीला साठावर टायर, त्यामुळे आमची ओळख होणारच होती. शिवाय तिचं घर माझ्या मागच्या गल्लीत, मध्ये फक्त पत्र्याचं कुंपण. त्या कुंपणावरून वीस वर्षं मी तिची बोलणी खातोय. पण मला सांगायचंय ते रस्त्यावरचं नाही, गडावरचं.

गड म्हणजे आमचा ऑनलाइन खेळ. त्याचं खरं नाव एवढं लांब आहे की ते उच्चारेपर्यंत राक्षस येऊन जेवून जाईल. आपण एक पात्र घ्यायचं, ते वाढवत न्यायचं, आणि आठ जणांची टोळी करून गडावरच्या एकेका राक्षसाला लोळवायचं. आमच्या टोळीत मी तिरंदाज. नोएलीन वैद्य, लढाई चालू असताना आपल्या माणसांच्या जखमा भरायच्या, हे तिचं काम. तिच्या पात्राचं नाव डॉट. बुटकी, लठ्ठ, हातात लाकडी डाव. बाकीच्या टोळ्यांचे वैद्य पांढऱ्या झग्यात पऱ्यांसारखे मिरवायचे, आणि आमची डॉट सूप वाढायला आल्यासारखी दिसायची. पण त्या डावानं तिनं आम्हाला कितीदा मरणाच्या दारातून ओढून आणलं, ह्याला गणती नाही.

टोळीचं नाव लेटलतीफ. ते उगाच नव्हतं. त्या काळी खेळाचं यंत्र, सर्व्हर म्हणतात ते, शिकागोत होतं. आपण इथे बटण दाबायचं, ते समुद्राखालून शिकागोला जायचं, आणि तिथे काय घडलं ते परत इथे यायचं. पाव सेकंद तरी मोडायचाच; लाइन रुसली की अर्धा. अमेरिकन पोरं आम्हाला हसायची. आम्ही म्हटलं, हसा बाबांनो, आणि नावच ते ठेवलं.

पाच वर्षांपूर्वी नोएलीनची आई विसरायला लागली. म्हातारी क्वोर्न गावात एकटी. नोएलीननं लांबच्या फेऱ्या सोडल्या आणि तिच्याकडे राहायला गेली. तिथेही तिनं संगणक लावून पाहिला होता, पण पडद्यावरचे राक्षस घरात शिरलेत असं म्हातारीला वाटायचं. ती काठी घेऊन दारात उभी राहायची. दुसऱ्या दिवशी नोएलीननं संगणक खोक्यात घातला. "आईला घाबरवून मला कुठला गड जिंकायचाय," एवढंच ती मला फोनवर म्हणाली. गेल्या हिवाळ्यात, जुलैत, आई गेली. नोव्हेंबरात नोएलीन आपल्या घरी परतली, आणि त्याच दुपारी कुंपणावरून तिची टोपी वर आली.

"क्लाइव्ह, खेळ अजून चालू आहे ना?"

"आहे. पण तो पहिला राहिला नाही. पाच वर्षांत दोन बेटं झाली, एक पाताळ झालं, शिवाय यंत्र—"

"रविवारी दुपारी दोनलाच ना?"

"दोनलाच. पण ऐकून तरी घे."

"मग झालं. मला माझी रविवारची दुपार परत पाहिजे. क्वोर्नला मला सगळ्यात जास्त आठवण कशाची आली असेल, तर त्या सात आवाजांची. त्यात तुझाही येतो, काय करणार."

खेळानं स्वतःला ताजं करून घ्यायलाच दीड दिवस घेतला. मग पडदा उजळला आणि डॉट दिसली. पाच वर्षांपूर्वी जिथे होती तिथेच, जुन्या बाजारातल्या हौदापाशी, डाव घेऊन उभी. बाजारात चिटपाखरू नाही. सगळी वस्ती नव्या बेटावर राहायला गेलेली. तेवढ्यात पंखांच्या सरड्यावरून एक अनोळखी योद्धा खाली उतरला. त्यानं डॉटकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, काही न बोलता वीस मोहरा आणि एक वापरलेला झगा तिच्यापुढे ठेवला आणि उडून गेला.

"भीक घातली मेल्यानं!" नोएलीन एवढ्यानं ओरडली की माझा कुत्रा भुंकायला लागला. मग जरा वेळानं म्हणाली, "झगा बरा आहे पण." आणि तो तिनं घातला.

पुष्कळ दिवसांनी परतणाऱ्याला खेळ एक पेटी देतो. तीत एक घोडा, थोडे कपडे आणि एका घोटात शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवणारं औषध. मला वाटलं, ही मानी बाई ते औषध फेकून देणार आणि खालपासून एकेक पायरी चढत बसणार.

"वेडा आहेस का?" ती म्हणाली. "लिफ्ट असताना जिना कोण चढतं?"

पायरी अशी एका घोटात मिळाली. पण वैद्याकडे पूर्वी नऊ बटणं होती, ती आता एकतीस झाली होती. नोएलीननं ती जाड पेनानं पुठ्ठ्यावर लिहिली, फेऱ्या पुन्हा सुरू झाल्याच होत्या, तर पुठ्ठा गाडीत डॅशबोर्डवर चिकटवला, आणि पिंबा ते ग्लेंडॅम्बो, शंभरावर किलोमीटर, ओळंब्यासारख्या सरळ रस्त्यावर ती मोठ्यानं घोकली. एकदा वायरलेसचं बटण दाबलेलंच राहिलं. त्या पट्ट्यातल्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांनी वीस मिनिटं "चार म्हणजे मलम, पाच म्हणजे कवच, सहा म्हणजे मेलेला उठव" ऐकलं. पिंबाच्या रोडहाउसवर अजून तिला "ये गं, मेलेल्याला उठव" म्हणूनच कॉफी देतात. तिला त्याचं काही वाटत नाही. ती म्हणते, एकतीस बटणं पाठ झाली, हसणाऱ्यांचं काय पाठ झालं?

आमच्या टोळीची म्होरकी टॅम्सिन. लॉन्सेस्टनच्या एका शाळेत उपमुख्याध्यापिका आहे, आणि गडावरही ती उपमुख्याध्यापिकाच असते. पहिल्या रविवारी सगळ्यांच्या कानात हेडफोन असताना तिनं सांगून टाकलं.

"नोएलीन, तू आलीस, मनापासून बरं वाटलं. पण जागा आठच आहेत, आणि तुझ्या जागेवर तीन वर्षं कॅलम खेळतोय. तुला तीन रविवार देते. तिसऱ्या रविवारी आपण भट्टीवाल्याला भिडणार. त्या दिवशीच्या कागदावर तुझं वाया गेलेलं मलम पंचवीस टक्क्यांच्या आत असेल, तर जागा तुझी. नाहीतर कॅलमची, आणि तू राखीव."

"राखीव म्हणजे?"

"कुणी आलं नाही तर तू."

"म्हणजे कुणाला तरी ताप यावा म्हणून मी दर रविवारी देवाला हात जोडत बसायचं. ठीक आहे. तीन रविवार पुष्कळ झाले. कॅलम, बाळा, मासे पकडायचा गळ काढून ठेव, पुढच्या महिन्यापासून तुला वेळच वेळ आहे."

"हो, मॅडम," कॅलम म्हणाला. तो तूवूम्बाचा, जनावरांचा डॉक्टर व्हायला शिकतोय, आणि इतका सभ्य की त्याच्यावर धड रागावताही येत नाही. तो कागद त्याचाच. दर लढाईनंतर कॅलम एक तक्ता पाठवतो: कुणी किती घाव घातले, कुणी किती मलम लावलं, त्यातलं किती वाया गेलं. धडधाकट माणसाला लावलेलं मलम म्हणजे वाया. आमच्या वेळी असला कागद नव्हता. आपण जिवंत आहोत की नाही, एवढंच आम्ही बघायचो.

पहिल्या रविवारी नोएलीनचं अठ्ठावन्न टक्के वाया गेलं.

"कागद चुकलाय," ती म्हणाली. कॅलमनं नम्रपणे तो पुन्हा काढला. पुन्हा अठ्ठावन्न.

मंगळवारी ती फेरीवरून आली तेव्हा मी आइस्ड कॉफीचे दोन खोके घेऊन तिच्याकडे गेलो आणि तिच्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसलो. ती एका किरकोळ राक्षसावर सराव करत होती. तिची बटणं पाठ होती, नजर चलाख होती, हात सफाईदार होता. चूक म्हणून काही सापडेना. राक्षस हात मागे न्यायचा, की हिचं बोट पडलेलं. पण तेव्हा राक्षसाचा हात अजून हवेतच असायचा. मलम लागायचं धडधाकट माणसाला, आणि त्यानंतर घाव बसायचा. मी खोका खाली ठेवला.

"नोएलीन, तू अजून शिकागोत खेळतेयस."

ती वळली. "म्हणजे?"

"यंत्र सिडनीला आलंय. तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी. आता दाबलं की लागतं. तू अजून पाव सेकंद आधी दाबतेस."

असली चूक आमच्याकडच्या जुन्या खेळाडूनंच करावी. नवख्याला ती जमणार नाही, आणि अमेरिकन पोरांना तिची गरजच कधी पडली नाही. आम्ही सगळे एकेकाळी जखमेआधी मलम लावायचो, कारण जखम दिसल्यावर लावलं तर ते मढ्याला लागायचं. यंत्र सिडनीला आलं तेव्हा आमची ती खोड मोडायला सहा महिने आणि पुष्कळ शिव्या लागल्या. नोएलीनची तेवढी संगणकाबरोबर खोक्यात राहिली होती, अगदी घडी न मोडता.

"हे मला कुणी सांगितलं का?"

"दोन बेटं, पाताळ आणि यंत्र, असं सांगत होतो की. तू 'दोनलाच ना' करत बसलीस."

"म्हणजे आता घाव बसेपर्यंत मी नुसतं बघत राहायचं?"

"हो."

"बत्तीस वर्षं मी अर्ध्या किलोमीटरवरून ब्रेक लावते, आणि टायरवाला मला सांगतोय, कांगारू काचेवर आपटला की मग लाव." ती कॉफी पिऊन उठली, खोका चुरगाळला आणि पुन्हा खुर्चीत बसली. "बरं, सांग कसं ते."

मी तिला एक युक्ती दिली. आपल्या माणसाला घाव बसला की त्याच्या वतीनं आधी "आई गं" म्हणायचं, आणि मगच बटण. बोटाला कळत नसलं तरी तोंडाला कळतं. चार दिवस तिच्या घरातून "आई गं, आई गं" असं कण्हणं येत होतं. समोरचा शेजारी चौकशी करून गेला. दुसऱ्या रविवारी ती माइक बंद करायला विसरली, आणि टॅम्सिननं मध्येच लढाई थांबवून विचारलं, "कुणाला काही दुखतंय का?"

त्या दिवशी एकवीस टक्के. कॅलमनं कागद पाठवला आणि खाली स्वतःहून "उत्तम" असं लिहिलं. मी दुकानातल्या पोस्टरवरच्या टायरच्या बाहुल्यासारखा फुगून गेलो, जणू काही ते एकवीस माझेच. पण नोएलीन त्या कागदाकडे बघेना, कारण त्या दुपारी रोनील सहा वेळा मेला होता.

रोनील आमचा ढालवाला. फिजीतल्या लाबासाचा, साखर कारखान्यात पाळीवर असतो, वय सत्तावीस. ढालवाल्यानं सगळ्यांत पुढे उभं राहायचं आणि राक्षसाचा मार स्वतःवर घ्यायचा. राक्षसानं हत्यार उचललं की ढाल वर; मग घाव निम्मा बसतो. पण लाबासाची लाइन म्हणजे आमच्या शिकागोच्या दिवसांपेक्षा वाईट. त्याची ढाल तिथून निघून सिडनीला पोचेपर्यंत घाव बसून गेलेला असतो, तोही पुरा. मग रोनील पडतो, आणि पडल्यावर म्हणतो, "सॉरी, लाइन." तीन वर्षं दर रविवारी तो हेच दोन शब्द बोलत होता. सुरुवातीला आम्ही "असू दे रे" म्हणायचो. नंतर नंतर तेही कुणी म्हणेना. मीसुद्धा नाही; त्याची लाज मला आता वाटते.

"टॅम्सिन दीदी," त्या रविवारी शेवटी तो म्हणाला, "भट्टीवाल्याला दुसरा ढालवाला बघा. माझ्यामुळे सगळे मरतात."

"बघू," टॅम्सिन म्हणाली. तिचं "बघू" म्हणजे काय ते तिच्या शाळेतल्या पोरांनाही कळत असणार.

"रोनील," नोएलीननं विचारलं, "तुला त्या भट्टीवाल्यानं घण उचललेला कधी दिसतो?"

"मला दिसतो तेव्हा तो पडून गेलेला असतो, आंटी."

एरवी तिला आंटी म्हटलेलं खपत नाही. त्या दिवशी खपलं. नंतर कुंपणाशी आली तेव्हा तिचा आवाज वेगळा होता.

"आईचं शेवटी असंच झालं होतं, क्लाइव्ह. चहा हवा का विचारलं तर उत्तर जेवण झाल्यावर यायचं. लोकांना वाटायचं, ती उत्तरच देत नाही. मी तिच्यापुढे चहा आधीच ठेवायला लागले. कधी ती प्यायची, कधी तो ओतून द्यावा लागायचा. पण तहानेली कधी राहिली नाही."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तुला टायरपलीकडे काही कळतं का रे?" असं म्हणून ती आत गेली.

तिसरा रविवार. भट्टीवाला म्हणजे डोंगराएवढा लोहार. तो घण उचलतो, आणि तीनदा पाठोपाठ हाणतो. पण लबाड आहे. कितीदा नुसता उचलतो आणि खाली ठेवतो. रोनीलच्या जागी दुसरा ढालवाला टॅम्सिनला मिळाला नव्हता, म्हणून तोच पुढे उभा होता. पहिल्या झुंजीत नोएलीननं माझ्या युक्तीनं सगळं बिनचूक केलं. घाव, आई गं, मलम. तिसऱ्या घणाला रोनील पडला आणि त्याच्यामागे आम्ही सगळे.

"सॉरी, लाइन."

कॅलमचा कागद आला: एकोणीस टक्के. हिशोब सगळ्या दुपारचा मिळून होता, पण एकोणीसवरून तिनं नुसतं सांभाळून खेळलं असतं तरी जागा तिचीच होती. मी तिला एकटीला लिहिलं, "झालं काम. आता असंच."

दुसऱ्या झुंजीत भट्टीवाल्यानं घण उचलला मात्र, रोनीलभोवती कवच उभं राहिलं. घण पडलाच नाही, कवच वाया. पुन्हा उचलला, पुन्हा कवच, पुन्हा वाया. मी धनुष्य सोडून कपाळाला हात लावला. आमच्या बाकीच्यांसाठी ती थांबत होती, "आई गं" म्हणत होती. रोनीलसाठी मात्र घण हलला रे हलला की पाच नंबरचं बटण. पडदा कोपऱ्यात आकडा दाखवत होता: चोवीस. एकोणतीस. तेहेतीस.

"नोएलीन, आई गं! आई गं!" मी लिहिलं.

"तू तुझे बाण सांभाळ," तिचं उत्तर आलं. "पाच वर्षांत एकही नीट बसलेला दिसत नाही."

ती झुंज आम्ही हरलो, पण रोनीलमुळे नव्हे. मीच भट्टीत पडलो. त्याच्या पुढचीही गेली. चौथ्या झुंजीत घण तीनदा पडला, तिन्ही घण कवचावर वाजले, आणि रोनील उभा. ढाल त्यानंतर वर आली, उशिरा, नेहमीसारखी. चार वाजायला आले होते. भट्टीवाला आधी गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. वर्षभर जो आम्हाला हाणत होता तो! आम्ही आठही जण एकदम ओरडलो. माझे डोळे भरून आले, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

मग कागद आला.

"सदतीस टक्के वाया," टॅम्सिननं वाचलं. "नोएलीन, पंचवीस ठरलं होतं."

"मला आकडे वाचता येतात," नोएलीन म्हणाली. "सदतीसच येणार, हेही मला माहीत होतं. पुढच्या रविवारीही तेवढेच येतील. मी त्या पोराला घणाखाली उभं करून वाट बघणार नाही. तुम्हाला कागद हवा असेल तर कॅलम आहे, आणि मी राखीव. मी दोन वाजता हेडफोन लावून बसेन, बोलायला तरी कुणी मना करणार नाही ना?"

असं ती बोलली खरी, पण शेवटच्या वाक्याला तिचा आवाज जरा चिरकला. मी वीस वर्षांत तो तसा ऐकला नव्हता.

टॅम्सिननं विचारलं, "कॅलम, तू सांग. रोनीलला उभा ठेवून पंचवीसच्या आत राहता येतं का?"

कॅलमला जागा हवी होती. तीन वर्षं ती त्याची होती. पण पोरगा खोटं बोलणारा नव्हता.

"मला तो पंचवीसच्या आतही उभा ठेवता आला नाही," तो म्हणाला, "आणि बाहेरही नाही. तीन वर्षं प्रयत्न केला. टॅम्सिन मॅडम, कागदात 'रोनील' असा रकानाच नाही. तो मी घालायला हवा होता."

"घाल," टॅम्सिन म्हणाली. "आणि गळ काढून ठेव. नोएलीन, पुढच्या रविवारी दोन वाजता. वेळेवर."

सगळे उठायच्या बेतात होते. एरवी ह्या क्षणी आम्हाला रोनीलचे ते दोन शब्द ऐकू येतात, आणि आम्ही ते न ऐकल्यासारखं करून हेडफोन काढतो. त्या दिवशी आम्ही सगळेच जरा थांबलो. रोनीलनं घसा खाकरला. त्याला काय बोलावं ते सुचत नसावं. तीन वर्षं त्याला दुसरं काही बोलायची वेळच आली नव्हती.

"आंटी," तो म्हणाला, "उद्या गाडी कुठे न्यायचीय?"

"कूबर पीडी," नोएलीन म्हणाली. "खुर्ची ओढून बस, सांगते."